आणि नापास झाले तर?

मागच्या महिन्यात एका रविवारी संध्याकाळी स्कॉलरशिपचे इंटरव्ह्यू होते, झूमवर. आम्ही तिघं एका बाजूला आणि मुलं एकेक करून समोर येणार, प्रत्येकाला पंधरा मिनिटं. गणित चांगलं आहे, अ‍ॅक्चुअरी व्हायचंय (विम्यातलं जोखमीचं गणित मांडणारे लोक ते), पण परीक्षेच्या फीचं जमत नाही अशा मुलांना एक संस्था मदत करते आणि मी तिथे दोन वर्षं अर्ज वाचायला जाते, जाते म्हणजे बसते घरीच पण म्हणायचं आपलं. त्या दिवशीची सहावी की सातवी मुलगी. कॅमेरा खालच्या बाजूने लावलेला त्यामुळे हनुवटी आणि छताचा पंखा जास्त दिसत होता, आणि बोलताना ती मधेच कोणालातरी हाताने थांब थांब करत होती, बहुतेक खोलीत दुसरं कोणीतरी असावं. उत्तरं मात्र व्यवस्थित दिली. कंडिशनल प्रोबॅबिलिटीचा एक प्रश्न विचारला तर आधी कागदावर शक्यतांच्या फांद्यांचं झाड काढलं आणि तो कागद कॅमेऱ्यासमोर धरला, थरथरत होता जरासा, पण फांद्या बरोबर होत्या. शेवटी अध्यक्षांनी नेहमीचं वाक्य टाकलं, तुला काही विचारायचंय का? यावर सगळी मुलं "नाही सर, थँक्यू" म्हणतात, तसं म्हणायचं असतं हे त्यांना कोणीतरी शिकवलेलं असतं. ती म्हणाली, "सर, फॉर्ममध्ये लिहिलंय की फी पास झाल्यावर मिळते, पावती आणि निकाल दोन्ही पाठवायचं. म्हणजे आधी मी भरायची ना. आणि नापास झाले तर?"

अध्यक्ष हसले. माणूस वाईट नाही हं, उलट फार प्रेमळ आहेत. म्हणाले, "अगं, पॉझिटिव्ह विचार कर!"

उभी हयात लोक किती वयात मरतील याचे तक्ते मांडण्यात गेली आणि सल्ला काय, तर पॉझिटिव्ह विचार कर.

तिसऱ्या मेंबर हसल्या, मी पण हसले. ती मुलगी पण हसली, हसावं लागलं तिला. मग चौकोन गेला आणि पुढचा मुलगा आला. त्या रात्री झोपताना मला ते आठवलं आणि नंतर आठवडाभर, भांडी घासताना, लिफ्टमध्ये, मीटिंगमध्ये कोणीतरी भलतंच बोलत असताना, तेच वाक्य. कारण इंटरव्ह्यू सुरू करताना मी माझी ओळख करून दिली होती ना, दर वेळी देते तशी, "मी पण अशाच मदतीवर शिकले, तेव्हा टेन्शन घेऊ नका." आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर त्या स्क्रीनवरच्या चार माणसांत फक्त माझ्याकडे होतं. ते मी दिलं नाही. का दिलं नाही ते पुढे सांगते, आत्ताच सांगितलं तर मला इथेच थांबावंसं वाटेल.

या परीक्षा ज्यांना माहीत आहेत त्यांना सांगायला नको, पण बाहेरच्या लोकांना वाटतं की हुशार मुलगा असेल तर होईल की पास, त्यात काय. पहिली प्रोबॅबिलिटीची परीक्षा घ्या. तीन तास, तीस प्रश्न, निकाल ० ते १० मध्ये येतो आणि ६ म्हणजे पास. यातला ५ हा आकडा सगळ्यात वाईट. ० आला तर माणूस सरळ दुसऱ्या वाटेला लागतो, ५ आला की तो आयुष्यभर सांगत बसतो की एका प्रश्नाने गेली. दर वेळी साधारण निम्म्याच्या आसपास पोरं पास होतात, आणि ही निम्मी म्हणजे आधीच गणितात बरी म्हणून आलेल्यांतली निम्मी. अभ्यासाचा आमच्यातला जुना ठोकताळा असा की परीक्षेच्या दर तासामागे शंभर तास अभ्यास, म्हणजे तीन तासाच्या पेपरला तीनशे. अशा पेपरांची रांग, फेलो ही शेवटची पदवी मिळेपर्यंत सात-आठ वर्षं सहज जातात. आता गंमत बघा. एकदा नोकरी लागली की कंपनी फी भरते, अभ्यासाला वेगळी सुट्टी देते, पुस्तकं देते, पास झालं की पगार वाढवते. पण नोकरी लागायला आधी एक-दोन परीक्षा पास झालेल्या लागतात. म्हणजे ज्या एक-दोन पेपरांना स्वतःच्या खिशातून भरायचे तेच नेमके दारावरचे, आणि दाराच्या आत सगळं फुकट. आमची स्कॉलरशिप या दारावरच्या लोकांसाठी आहे. आणि ती म्हणते, आधी आत ये, मग पावती दाखव.

मी हे सगळं लिहितेय म्हणजे संस्थेवर राग आहे असं नाही. त्यांची अडचण मला कळते. पैसे देणाऱ्यांना वर्षाच्या शेवटी एक आकडा हवा असतो, आपण इतक्या मुलांना मदत केली आणि त्यातली इतकी पास झाली. पास झाल्यावरच पैसे दिले की हा आकडा कायम शंभर टक्के. अहवालात काय सुंदर दिसतो.

आमच्या या धंद्याचा जन्मच मुळी दानधर्मातून झालाय, हे मी कुठेही सांगायची संधी सोडत नाही त्यामुळे इथे पण सांगते. स्कॉटलंडमध्ये १७४० च्या दशकात रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेबस्टर या दोन पाद्र्यांना प्रश्न पडला की आपल्यातला कोणी मेला की त्याच्या बायकापोरांनी खायचं काय. वेबस्टर तर एवढा रंगेल की दारूच्या बैठकीत त्याला कोणी हरवू शकत नसे म्हणतात, पण आकडेमोडीला पक्का. नुसती वर्गणी गोळा करून वाटून टाकली असती तर आज ते कोणाला आठवलेही नसते. त्यांनी गावोगावच्या चर्चना पत्रं पाठवून आकडे मागवले. किती पाद्री, किती मेले, मागे कोण राहिलं. त्यातून निघालं की कुठल्याही वेळी साधारण ९३० पाद्री हयात असतात, वर्षाला सरासरी २७ जातात आणि त्यातल्या १८ जणांच्या मागे विधवा राहते. त्यावर फंड बांधला, आणि एडिंबराचा गणिताचा प्राध्यापक कॉलिन मॅक्लॉरिन, तोच मॅक्लॉरिन सिरीजवाला, त्याच्याकडून गणित तपासून घेतलं. मला यात सगळ्यात काय आवडतं तर कोणत्या अठरा बायका विधवा होणार हे त्यांनी विचारलंच नाही. एखाद्या बाईला असंही म्हणाले नाहीत की पॉझिटिव्ह विचार कर. अठरा होणार म्हणजे होणार, त्यांच्यासाठी आधीच बाजूला काढून ठेवायचं.

आणि दुसरा माणूस जेम्स डॉडसन. हा लंडनचा गणिताचा मास्तर. शेवटची काही वर्षं क्राइस्ट्स हॉस्पिटलमध्ये शिकवत होता, नाव हॉस्पिटल असलं तरी ती धर्मादाय शाळा, आणि तिथे १६७३ मध्ये राजाश्रयाने गणिताची वेगळी शाळा निघाली होती, चाळीस गरीब मुलांना गणित आणि नौकानयन शिकवून जहाजांवर पाठवायचं म्हणून. म्हणजे गरिबांच्या मुलांना फुकट गणित शिकवायची कल्पना काही आपल्या पिढीची नाही, साडेतीनशे वर्षं जुनी आहे. तर हा डॉडसन १७५६ मध्ये आपला आयुर्विमा उतरवायला अ‍ॅमिकेबल सोसायटीकडे गेला. त्यांचा नियम ४५ च्या वर कोणाला घ्यायचं नाही, कारण वीस वर्षाच्या पोराला आणि चव्वेचाळीसच्या बाप्याला वर्गणी एकच, मग म्हातारे घेऊन परवडणार कसं. याला नाही म्हणाले. दुसरा कोणी असता तर शिव्या देत घरी गेला असता, हा गणिताचा मास्तर, हा घरी गेला आणि वयाप्रमाणे हप्ता किती असावा, तो आयुष्यभर सारखाच कसा ठेवता येईल याचे तक्ते करत बसला. आजच्या आयुर्विम्याचं मूळ ते. त्या तक्त्यांवर १७६२ मध्ये इक्विटेबल सोसायटी उभी राहिली, आणि अ‍ॅक्चुअरी हे पद पहिल्यांदा तिथेच निघालं.

पण डॉडसन १७५७ लाच गेला होता.

ज्या विम्यासाठी हा सगळा खटाटोप केला तो त्याला मिळालाच नाही. मुलांची आई आधीच गेलेली, तीन मुलं मागे, घरात काही नाही. मग एका मित्राने त्याच क्राइस्ट्स हॉस्पिटलला अर्ज केला आणि धाकट्या दोघांना शाळेने ठेवून घेतलं. बरीच वर्षं गेल्यावर सोसायटीला आठवण झाली आणि बापाच्या तक्त्यांबद्दल मुलांना काही रक्कम द्यायचं ठरलं. लॉजिकमध्ये डी मॉर्गनचे नियम शिकलो ना आपण, तो ऑगस्टस डी मॉर्गन या डॉडसनचा पणतू. मी ही गोष्ट कॉलेजांमध्ये भाषणात सांगते तेव्हा ठरल्यासारखी इक्विटेबलपाशी थांबते, नाकारलेल्या माणसाने नवीन शास्त्र उभं केलं वगैरे, टाळ्या पण पडतात. मुलांचा अर्ज कधी सांगत नाही. या महिन्यात मला पहिल्यांदा तो अर्ज डोळ्यासमोर दिसायला लागला, शाळेच्या कमिटीसमोर ठेवलेला, तीन नावं, तीन वयं, आणि टेबलाच्या पलीकडे आमच्यासारखी काही माणसं.

शनिवारी मी सातवी-आठवीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते, हे पण त्याच संस्थेचं काम, दुसरा उपक्रम. तिथे त्या आठवड्यात मी छत्रीचा विमा घेतला. वर्गात वीस जण, वर्षाला दोघांची छत्री हरवते असं धरू, मग प्रत्येकाने किती काढायचे? छत्रीच्या किमतीचा दहावा भाग, एका मुलीने लगेच सांगितलं. मी खूश. मग चॅटमध्ये एकदम भांडण सुरू झालं, एका मुलाचं नाव घेऊन सगळे म्हणायला लागले की याला घ्यायचं नाही, हा डबा हरवतो, स्वेटर हरवतो, हा एकटाच दोन छत्र्या हरवेल, आम्ही का भरायचं याचं. बघा, पाच मिनिटांत पोरांनी अंडररायटिंग शोधून काढलं, म्हणजे कोणाची जोखीम किती ते बघून त्याला घ्यायचं की नाही ते ठरवणं. मी पण मास्तरकीच्या भरात म्हणलं, व्हेरी गुड, अगदी बरोबर मुद्दा, मग त्याला जास्त हप्ता लावायचा की बाहेर ठेवायचं? तेव्हा त्या मुलाने काही न बोलता कॅमेरा बंद केला. नुसतं नाव राहिलं काळ्या चौकोनात. तास संपेपर्यंत ते नाव तसंच होतं, आणि माझं अर्धं लक्ष तिथे, आणि दुसरं अर्धं कुठे होतं ते तुम्हाला कळलंच असेल.

तर आता माझं. कॉलेजात आम्हाला स्टॅट शिकवणारे एक सर होते, कमी बोलायचे, फळ्यावर अक्षर इतकं बारीक की मागच्या बाकांना काही दिसायचं नाही. मी या परीक्षांबद्दल एकदा त्यांना काहीतरी शंका विचारली, फीबद्दल एक शब्द नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कॉम्प्युटर लॅबमध्ये बोलावलं, रजिस्ट्रेशनचं पान उघड म्हणाले, आणि खिशातून कार्ड काढून एकेक आकडा वाचून दाखवला, मी टाइप केला. चार आकडे झाले की थांबायचे, मी हं म्हणलं की पुढचे चार. परत कधी देणार वगैरे काही नाही. जाताना ड्रॉवरमधला त्यांचा फायनान्शियल कॅल्क्युलेटर दिला, परीक्षेत ठराविक मॉडेलच चालतात त्यातला, बीए टू प्लस, त्याच्या पाचच्या बटणावरचं पाच पुसून गेलेलं होतं.

परीक्षेच्या हॉलमध्ये शिरताना तो कॅल्क्युलेटर रिसेट करायला लावतात, मेमरीत कोणी काही साठवून आणू नये म्हणून. सेकंड, रिसेट, एंटर. रिसेट केलं की डेसिमल परत दोनवर जातात हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि घरी मी कधी रिसेट केलाच नव्हता, सरांनी नऊ डेसिमल लावून ठेवले होते त्यावरच तीन महिने काढले. दोन डेसिमलवर महिन्याचा अर्धा टक्का दर, म्हणजे ०.००५, स्क्रीनवर ०.०१ दिसतो. मशीनच्या पोटात खरा आकडा असतो, पण मी स्क्रीन बघून कच्च्या कागदावर ०.०१ लिहिलं आणि तिथून पुढे गेले. उत्तर पर्यायांत सापडेना. दुसऱ्या प्रश्नाला तसंच. हात गार पडणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. बऱ्याच वेळाने लक्षात आलं तोपर्यंत डोक्याचा भुगा झालेला. त्यामुळेच नापास झाले असं मी स्वतःला कित्येक वर्षं सांगितलं. खरं तर शेवटची दोन प्रकरणं माझी कच्ची होती, डेसिमल नऊ असते तरी बहुतेक ५ च आला असता. शेवटचं बटण दाबलं की स्क्रीनवर लगेच कळतं. मी ते वाचलं आणि पहिला विचार मनात काय आला तर सरांचे पैसे गेले.

सरांना सांगितलं नाही. त्यांच्या स्टाफरूमवरून जावं लागू नये म्हणून दुसऱ्या जिन्याने जायला लागले, तीन मजले उलटे चढून, महिना दीड महिना. शिकवण्या धरल्या, फी जमवली, चार महिन्यांनी परत बसले, पास झाले, आणि मग मान वर करून सांगायला गेले, सर, झाले पास. ते म्हणाले, "छान. पुढची कधी देतेस?" कॅल्क्युलेटर परत द्यायला काढला तर म्हणाले ठेव. मी हवेत. पहिल्याच फटक्यात पास झाले असं त्यांना वाटतंय याचा मला आनंद झालेला, खोटं कशाला बोलू. या परीक्षेचा निकाल त्याच दिवशी कळतो हे सरांना माहीत होतं आणि परीक्षेची तारीख तर त्यांच्याच समोर मी निवडली होती, त्या लॅबमध्ये. हे माझ्या डोक्यात यायला मला किती वर्षं लागली असतील सांगा. अकरा.

तेव्हापासून मी कुठेही ती पहिली, नापास झालेली खेप मोजत नाही. संस्थेच्या पानावर माझी ओळख आहे, तिथे सगळं आहे, ते नाही. अध्यक्षांना वाटतं मी सगळ्या परीक्षा ओळीने पास झाले, एकदा कोणाशी तरी ओळख करून देताना तसं म्हणाले पण, मी ऐकून घेतलं. म्हणून त्या रविवारी ती मुलगी म्हणाली आणि नापास झाले तर, तेव्हा उत्तर माझ्या तोंडाशी होतं, अगं मी झाले होते, आणि मी हसले.

मग आम्ही लोक करतो तेच केलं. एक्सेल उघडलं. समजा पास व्हायची शक्यता निम्मी. आत्ताच्या पद्धतीत दर पासामागे संस्थेचा खर्च एक फी, नापासाचा खर्च मुलाच्या खिशातून. आता फी आधीच दिली आणि नापास झाला तर दुसऱ्यांदा पण दिली, तिथे थांबलो. माणशी सरासरी खर्च दीड फी, आणि दोन प्रयत्नांत पास होणारे चारातले तीन. दीड भागिले पाऊण, म्हणजे दर पासामागे दोन फी. मर्यादा दोनाच्या ऐवजी तीन प्रयत्नांची घातली तरी दोनच येतात, करून बघा, शक्यता निम्मी असली की तो आकडा हलत नाही. दुसऱ्या वेळी शक्यता तीच राहते असं धरलंय, प्रत्यक्षात थोडी वर-खाली होईल. सगळा मामला दुप्पट खर्चाचा, म्हणजे तेवढ्याच पैशात निम्मी मुलं पास झालेली दिसणार, आणि अहवालातले शंभर टक्के जाणार. मी हे छान तक्ता करून कमिटीला मेल केलं. खाली एक ओळ घातली की हा जास्तीचा खर्च आत्ताही होतोच आहे, फक्त तो आपण न भरता ती भरते. ती ओळ दोनदा काढली आणि परत घातली.

त्या मुलीला आम्ही घेतलं नाही हे सांगायचं राहिलं. आधी दोनदा नापास, दोन्ही वेळा ५. फॉर्ममध्ये तो रकाना आहे, मागील प्रयत्न, आणि त्याला दहापैकी मार्क द्यायचे असतात. मी चार दिले होते. इंटरव्ह्यूनंतर लगेच, त्याच बैठकीत, माझ्या हाताने. अर्ज करणाऱ्यांशी आम्ही परस्पर संपर्क करायचा नाही असा नियम आहे आणि तो बरोबरच आहे, त्यामुळे ती पुढे बसली का, कुठून भरले, मला कळायचा मार्ग नाही.

अध्यक्षांचं उत्तर आलं परवा. गणित मान्य आहे म्हणाले, एक चूक पण काढली माझ्या तक्त्यात, रिफंडचा कॉलम दोनदा धरला होता. पैसे देणाऱ्यांशी बोलावं लागेल, पुढच्या वर्षी पाच जणांपुरतं करून बघू, आणि मागील प्रयत्नाचा रकाना ठेवू पण त्याला मार्क नकोत. पाच तर पाच. शेवटी त्यांनी विचारलंय की हा मुद्दा एकदम तुझ्या डोक्यात कुठून आला. त्या मेलला मी अजून उत्तर दिलेलं नाही. त्यांची सून हे सगळं वाचते असं ते एकदा म्हणाले होते, तेव्हा कदाचित द्यावं लागणारही नाही.